बहिष्कार पडलेल्या वस्तीची चूल



गावात आपल्या माणसांवर हल्ला झाला की पहिल्या दिवशी बातमी होते. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांच्या गाड्या येतात. तिसऱ्या दिवशी तालुक्याला मोर्चा निघतो. चौथ्या दिवसापासून त्या वस्तीत काय शिजते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हल्ल्यात फुटलेले डोके महिन्याभरात भरून येते. पण हल्ल्यानंतर जो बहिष्कार पडतो, तो मुलांच्या दंडावर, गरोदर बाईच्या रक्तात आणि म्हाताऱ्यांच्या हाडांवर वर्षभर दिसत राहतो. म्हणून यावेळी आरोग्याच्या पानावर आम्ही अन्नाबद्दल बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे काही नर्सताई, अंगणवाडीच्या कामातल्या ताई आणि महिला मंडळाच्या कार्यकर्त्या. अशा वस्त्यांवर आम्ही औषधांची पेटी घेऊन जातो. तिथे पेटी उघडण्याआधी पिठाचा डबा उघडून बघावा लागतो, हे आम्ही तिथेच शिकलो. शहरातल्या वस्तीतून, विहारातून, मंडळातून जी मदत गावाकडे जाते ती मनापासून जाते. ती नीट आखून गेली, तर तिचे बळ कितीतरी पटीने वाढेल.

पोटावर मारण्याची जुनी रीत

बहिष्काराचे हत्यार नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी लोकांच्या जेवणाचे अन्न मातीत मिसळले. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने बहिष्काराची रीत मांडली. जमीन काढून घ्यायची, मजुरी बंद करायची, वाट अडवायची, दुकानदाराने सामान द्यायचे नाही. म्हणजे हात न उचलता माणसाला गुडघ्यावर आणायचे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट किती गंभीर मानली, ते १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या त्यांच्या निवेदनात दिसते. बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी त्यात केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या शेकडो गावांत घरांबरोबर घरातले धान्यही जळाले. त्या वेळचे आजी-आजोबा अजून सांगतात, आगीपेक्षा नंतरची उपासमार जास्त लक्षात राहिली.

आज अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे आणि त्याची धमकी देणे, दोन्ही गुन्हे आहेत. पण बहिष्काराची लेखी नोटीस कोणी काढत नाही. किराणा दुकानदार म्हणतो, माल संपला. गिरणीवाला म्हणतो, लाईट नाही. मळ्याचा मालक म्हणतो, यंदा काम नाही. दूधवाला घराजवळून पुढे निघून जातो. एका वस्तीत एक आजी आम्हाला म्हणाल्या, “बाई, जवारीचं पोतं हाय घरात. पण दळू कुठं? पोरं काय दाणे चावून खातील का?” शहरातून आलेल्या ज्वारीच्या पोत्यांकडे बघत त्या हे बोलत होत्या.

भुकेचा आणि खटल्याचा संबंध

खटला वर्षानुवर्षे चालतो. साक्षीदार बहुधा त्याच वस्तीतला, मजुरी करून खाणारा असतो. घरात चार महिने काम नाही, पोरगी आजारी आहे, आणि समोरचा माणूस रात्री येऊन म्हणतो, “मिटवून टाक, उद्यापासून कामाला ये.” अशा वेळी माणूस मोडतो तो भित्रा असतो म्हणून नव्हे, घरात पीठ नसते म्हणून. वकील चांगला मिळाला, सभा मोठी झाली, तरी साक्षीदाराची चूल विझली तर खटलाही विझतो. ही अन्नाची मदत दया म्हणून करायची नसते. न्याय मागणाऱ्या माणसाला उभे राहता यावे, यासाठी ती असते.

बुद्धचरित्रातली आळवीची कथा आपण वर्षावासात ऐकतो. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी गरीब शेतकरी धम्म ऐकायला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, मग धम्म सांगितला. उपाशी माणसाला काही समजत नाही, हे त्यांना माहीत होते. आपल्यालाही आधी जेवण, मग भाषण असाच क्रम धरावा लागेल.

एक किट किती दिवस पुरते?

बहुतेक मंडळे एक किट देतात. पाच किलो तांदूळ, एक किलो तूरडाळ, एक लिटर तेल. हिशेब करून बघू. संकटातल्या माणसाला दिवसाला सरासरी २१०० कॅलरी मिळाव्यात, असे मदतकार्याचे जगभर वापरले जाणारे माप आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घरात हे किट तीन दिवसही पुरत नाही. घरातली बाई ते दहा दिवस पुरवते. कसे? स्वतः एक वेळ जेवून.

पाच माणसांच्या घराला एका महिन्यासाठी साधारण एवढे लागते:

– धान्य (तांदूळ, गहू, ज्वारी मिळून): ६० किलो
– डाळी व कडधान्ये: १० ते ११ किलो
– तेल: साडेचार किलो
– शेंगदाणे: पावणेचार किलो
– गूळ: ३ किलो
– आयोडीनचे मीठ: १ किलो

याशिवाय तिखट-हळद, चहा-साखर, काडेपेटी, साबण आणि सरपण किंवा गॅस. रेशन कार्डावर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, म्हणजे या घराला २५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कार्ड असेल तर घरामागे ३५ किलो. म्हणजे रेशन सुरळीत मिळाले तरी प्राधान्य कुटुंबाला धान्याची ३५ किलो तूट राहते. डाळ, तेल, शेंगदाणे तर वेगळेच. मदत करणाऱ्यांनी सगळे धान्य आपणच भरायचे नाही. रेशन चालू करून घ्यायचे आणि उरलेली तूट भरायची. त्यात डाळ, तेल, शेंगदाणे, सुकट, अंडी यांवर भर द्यावा. पोट भाताने भरते, पण पोराची वाढ आणि बाईचे रक्त नुसत्या भाताने होत नाही.

पहिले सात दिवस

हल्ल्यानंतर लोक समाजमंदिरात, नातेवाइकांकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी गोळा होतात. चूल, भांडी मागे राहिलेली असतात. अशा वेळी कोरडा शिधा उपयोगाचा नाही. एकत्र स्वयंपाक चालवावा. त्यात वस्तीतल्याच बायांना आणि पुरुषांना सामील करून घ्यावे. हात कामाला लागले की भीती थोडी कमी होते. मुलांना दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याचा लाडू, केळी चालतात.

पाणी माणशी रोज किमान १५ लिटर लागते. यात पिणे, स्वयंपाक आणि अंग धुणे सगळे आले. सार्वजनिक विहीर किंवा नळ बंद केला असेल, तर टँकरची मागणी त्याच दिवशी लेखी करावी. जुलाब लागल्यास ओआरएसचे पाकीट द्यावे. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. जुलाब लागलेल्या मुलाचे जेवण बंद करू नये.

तान्ह्या बाळांबद्दल एक कळकळीची विनंती. मदतीत दुधाची पावडर आणि बाटल्या पाठवू नका. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर बाळाला आजारी पाडते. घाबरलेल्या आईचे दूध आटले, असे लोक म्हणतात. भीतीने दूध उतरायला थोडा वेळ लागतो, ते आटत नाही. आईला आडोसा द्या, पाणी द्या, पोटभर जेवण द्या आणि बाळ वारंवार अंगाला लावू द्या. आई जखमी असेल किंवा जवळ नसेल, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरी सोय करावी.

कोणाकडे आधी बघायचे

यादी करताना घरांबरोबर माणसेही मोजावीत. खालची माणसे असतील तिथे खूण करावी:

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया. अंगणवाडीतून त्यांना मोफत आहार मिळण्याचा हक्क अन्न सुरक्षा कायद्याने दिला आहे. अंगणवाडी गावात असेल आणि तिकडे जायची भीती वाटत असेल, तर आहार वस्तीत पोचवण्याची मागणी करावी.

सहा महिने ते पाच वर्षांची मुले. दंडाची पट्टी आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे. साडेअकरा ते साडेबारा असेल तर मूल धोक्याच्या वाटेवर आहे. दर आठवड्याला पुन्हा मोजावे.

सिकलसेलचे रुग्ण. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आहे. पाणी कमी पडले, थंडी लागली, दमछाक झाली की अंगदुखीचा झटका येतो. हल्ल्यानंतर रानात रात्र काढलेल्या माणसाला हा धोका मोठा असतो. भरपूर पाणी, ऊब आणि फॉलिक अॅसिडची गोळी चुकू देऊ नये.

टीबी, साखर आणि बीपीचे रुग्ण. पळताना औषधे घरी राहतात. टीबीचे औषध एक दिवसही तुटू नये. जवळच्या कोणत्याही सरकारी केंद्रात जाऊन सांगावे. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून दरमहा १००० रुपये खात्यात जमा होतात, तेही बघून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी इंजेक्शन घेऊ नये. त्याच्या जेवणाची सोय आधी करावी.

एकटे राहिलेले म्हातारे. तरुण पोरे अटकेच्या किंवा माराच्या भीतीने बाहेरगावी जातात आणि घरात आजी-आजोबाच उरतात. त्यांना कच्चा शिधा देण्यापेक्षा शेजारच्या घरात दोन भाकरी जास्त थापायची व्यवस्था लावावी.

हक्काने मागायचे ते

समाजाने मदत करावीच, पण सरकारची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेऊ नये. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत नियम १२(४) आहे. पीडित, त्यांचे कुटुंब आणि अवलंबून असलेले लोक यांना सात दिवसांच्या आत रोख किंवा वस्तुरूपाने तातडीची मदत द्यायची आहे. त्यात अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार, वाहतूक हे सगळे लिहिलेले आहे. नियम ११ मध्ये साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च, दैनिक भत्ता आणि निर्वाहखर्च आहे. पीडिताला दिलेली औषधे, जेवण आणि फळे यांच्या खर्चाची भरपाईही त्यात आहे. म्हणून किराणा, फळे, औषधे यांची एक एक पावती जपून ठेवा.

आपण बौद्ध आहोत म्हणून हा कायदा लागू नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी यांच्या नावे करावा, पोलिसांकडे तक्रार केलेली असेल तर तिची प्रत जोडावी. अर्जात एवढे तरी असावे: घटनेची तारीख आणि गाव. बहिष्कृत घरांची संख्या, माणसांची संख्या, त्यात मुले, गरोदर बाया, आजारी माणसे किती. कोणत्या दुकानाने, गिरणीने, मालकाने कोणत्या तारखेला नकार दिला. आणि शेवटी, नियम १२(४) प्रमाणे सात दिवसांत अन्न-पाण्याची मदत मिळावी, ही मागणी. आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकरावर याच कायद्याचे कलम ४ लागू शकते. फोनवर तक्रारीसाठी अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे.

गावच्या रेशन दुकानावर त्रास होत असेल, तर दुसऱ्या गावच्या किंवा तालुक्याच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येते. कार्ड बदलावे लागत नाही. कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचे नाव असते. नवरा बाहेरगावी गेला तरी धान्य थांबायचे कारण नाही.

पैसे द्यावेत की धान्य?

हा प्रश्न प्रत्येक मंडळात निघतो. आमचे उत्तर सरळ आहे. बाजार कोणाला खुला आहे ते आधी बघा. गावचा दुकानदार सामान देत नसेल आणि तालुक्याला जायला वाहन नसेल, तर हातातल्या नोटा शिजत नाहीत. तिथे धान्य द्या, आणि गिरणी बंद असेल तर पीठ द्या. आठवडी बाजाराला जाता येत असेल तर बाईच्या खात्यात पैसे दिलेले चांगले. आपल्या घरात काय कमी आहे, ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळते. आठवड्यातून एकदा सगळ्या वस्तीसाठी एक गाडी ठरवून दिली, तर बाजार, दळण आणि दवाखाना ही तिन्ही कामे एका फेरीत होतात. शंभर किटपेक्षा अशी एक गाडी कधी कधी जास्त उपयोगी पडते.

वाटप करताना काही पथ्ये पाळावीत. वाटपाची यादी वस्तीतल्या बायांच्या समितीने करावी. फिर्यादीच्या घरालाच नव्हे, बहिष्कार पडलेल्या प्रत्येक घराला मदत जावी. नाहीतर वस्तीत फूट पडते, आणि समोरच्यांना तेच हवे असते. दुसऱ्या जातीच्या ज्या घराने बहिष्कार मोडून आपल्याला दूध-भाजी दिली, त्या घरावर संकट आले तर तेही आपलेच समजावे. रांग लावून, पिशवी हातात देताना फोटो काढू नयेत. साक्षीदाराचा चेहरा मोबाईलवर गावभर फिरणे धोक्याचे आहे. आणि कालपर्यंत ताठ मानेने कमावून खाणाऱ्या माणसाला भिकाऱ्यासारखे उभे करणे, हे आपल्या चळवळीत बसत नाही.

पुढच्या सुगीपर्यंत

खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते. गाड्या येणे थांबते. घरातली शेळी विकली जाते, मग बाईच्या कानातले, मग पोराची शाळा सुटते आणि तो ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातो. ही उतरण थांबवायची तर मदतीची मुदत पुढच्या सुगीपर्यंत धरावी लागते.

कंबोडिया या बौद्ध देशात १९७५ ते १९७९ या काळात पोल पॉटच्या राजवटीने लाखो माणसे मारली, उपाशी ठेवली. ती राजवट पडल्यावर थायलंडच्या सीमेवरून बैलगाड्यांनी आणि सायकलींनी शेतकरी तांदूळ घेऊन गावी परतू लागले. १९८० च्या पेरणीआधी त्यांना खायच्या तांदळाबरोबर भाताचे बियाणेही दिले गेले. नुसता तांदूळ दिला असता तर पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागला असता. बियाण्याने शेत उभे केले.

आपल्याकडेही हेच लागू पडते. ज्याच्याकडे दोन एकर आहे, त्याला पेरणीच्या वेळी बियाणे आणि औत-ट्रॅक्टरची सोय लागते, कारण बहिष्कारात भाड्याने औत मिळत नाही. भूमिहीन घराला दोन शेळ्या, चार कोंबड्या, शिलाई मशीन किंवा तालुक्याच्या बाजारात बसायला जागा लागते. रोजगार हमीच्या कामाची मागणी सगळ्यांनी मिळून लेखी करावी आणि दिनांकासह पोच घ्यावी. वस्तीतच छोटे किराणा दुकान आणि पिठाची चक्की बचत गटाने चालवली, तर पुढच्या वेळी गिरणीवाल्याच्या ‘लाईट नाही’ ला अर्थ उरणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केले, त्यामागे हाच विचार होता. ज्याच्या पायाखाली जमीन आहे, त्याला उपाशी मारणे सोपे नसते.

शहरातल्या वस्तीत राहणाऱ्या वाचकांना आमची मागणी एवढीच. आपल्या विहारात एक कायमची डाळ-तेलाची पेटी ठेवा. दर पौर्णिमेला प्रत्येक घराने एक वाटी डाळ आणि पाच-दहा रुपये त्यात टाकावेत. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग या कामाला बाजूला काढावा. आणि एक वस्ती एका बहिष्कृत वस्तीला बारा महिने धरून ठेवील, असा ठराव करावा. दर महिन्याला दोन बाया आणि एक तरुण तिथे जातील, मुलांचे दंड मोजतील, पिठाचे डबे बघतील, रेशन आणि अर्जाचे काय झाले ते विचारतील. एवढे झाले, तर रात्री तडजोडीचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला त्या घरातून उत्तर मिळेल, “आमचं जेवण झालं आहे. आता कोर्टातच भेटू.”

जय भीम! नमो बुद्धाय!